मागच्या सीटखाली पेट्रोल

आमच्या सासूबाईंनी गाडीत मागे बसायला साफ नकार दिला. नागपुरातच, मनीषनगरहून महालात जायचं होतं. दार उघडून त्या अर्ध्या आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. "काहून गं, गाडीत रॉकेल सांडलं का?" डब्याचं झाकण न काढता आतल्या बेसनाला जाळी लागली हे सांगणारी ती बाई, त्यामुळे मी वाद घातला नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मले तर नाही येऊन राहिला बा वास." खर्रा खाणाऱ्या माणसाच्या नाकाची साक्ष मी धरत नाही.

वास होता, आणि पेट्रोलचाच होता. गाडी २०११ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. मी कळमन्यात संत्र्याच्या एका अडत्याकडे हिशेब बघते, म्हणजे रोज रिंग रोडनं काचा बंद करून, एसी लावून बरंच अंतर जाणं-येणं. पुढे बसलं की वास कधी यायचा, कधी अजिबात नाही. डोकं मात्र संध्याकाळपर्यंत जड.

जवळच्या गॅरेजवाल्यानं टाकीचं झाकण बदललं आणि वरून डॅशबोर्डवर लिंबाच्या सुगंधाची डबी चिकटवून दिली. मग गाडीत लिंबू आणि पेट्रोल दोन्ही यायला लागलं. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर त्यांनी पाच आकडी अंदाजपत्रक हातात ठेवलं. टाकी उतरवायची, सगळे होस म्हणजे रबरी नळ्या नव्या, फिल्टर नवा, जमलं तर पंपही नवा. "नेमकं गळतं कुठून?" असं विचारल्यावर उत्तर आलं, "म्याडम, ते उघडल्यावर कळेल. सरांचा नंबर द्या ना, त्यांना समजावून सांगतो." सरांचा नंबर दिला नाही. पुरावा न जोडलेलं व्हाउचर मी आमच्या शेठजींचंही पास करत नाही, हे तर परकं वर्कशॉप.

मग मी स्वतःच नोंदी ठेवायला बसले. ग्लव्ह बॉक्समध्ये जुनी डायरी होती, तिच्यात एवढंच लिहायचं: वास कधी आला, कुठे बसल्यावर आला, टाकी किती भरलेली होती, एसी कसा होता. मिस्त्री लोक "कुठून येतो?" हा प्रश्न आधी विचारतात आणि मग अंदाजानं एकेक पार्ट बदलत सुटतात. पण पेट्रोलचा वास आपली जागा वेळेवरून सांगतो. हे मला एवढं पटलंय की आता ऑफिसात कुणी "गाडीत वास येतो" म्हणालं की मी पहिल्यांदा "केव्हा?" असंच विचारते.

सकाळी थंड गाडी सुरू केल्या केल्या बोनेटकडून वास आला, तर संशय इंजिनाच्या बाजूवर. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या रबरी ओ-रिंगा, त्यांना पेट्रोल पुरवणारी नळी म्हणजे फ्युएल रेल, तिथला होस. आजकालच्या गाड्यांत पेट्रोल तिथे साधारण ३ ते ४ बार दाबानं येतं, त्यामुळे केसाएवढी भेगही पुरते. गंमत म्हणजे हा दाब गाडी सुरू न करताही तयार करता येतो. चावी नुसती ऑनवर फिरवली की मागे टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. असं तीन-चारदा करायचं आणि बोनेट उघडून टॉर्चनं बघायचं. इंजिन थंड असतं, पंखा फिरत नसतो, बघायला निवांत वेळ मिळतो.

वास एसीच्या जाळीतून येत असेल तर हवेचा खटका बघा, म्हणजे बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची हे ठरवणारा. बाहेरची हवा घेण्याची जागा पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बोनेटच्या मागच्या कडेला असते. खटका आतल्या हवेवर टाकल्यावर वास कमी झाला तर तो बोनेटखालून येतोय. उलट आतली हवा फिरवल्यावर वास साचून वाढत गेला, तर उगम गाडीच्या पोटातच कुठेतरी आहे. या एका खटक्यानं माझी अर्धी गाडी निर्दोष सुटली. आतली हवा चालू केली की वास वाढायचा.

सायलेन्सरकडून न जळलेल्या पेट्रोलचा वास, काळा धूर, ॲव्हरेज घसरलेलं, असं असेल तर ते वेगळं प्रकरण. तिथे गळती नसते, इंजिनाला पेट्रोल जास्त पडतंय. प्लग, सेन्सर, इंजेक्टर तपासायचे. माझ्याकडे यातलं काही नव्हतं, ॲव्हरेज नेहमीचंच होतं.

डायरीची दोन-तीन पानं भरल्यावर चित्र स्पष्ट झालं. टाकी फुल केली की वास, अर्ध्याखाली गेली की गायब. मागच्या सीटवर जास्त, पुढे कमी. वळणावर आणि जोरात ब्रेक लागल्यावर एकदम भपकारा. दुपारी ऑफिसबाहेर उन्हात उभी राहिलेली गाडी उघडली की सगळ्यात वाईट. म्हणजे जे काही गळत होतं ते टाकीच्या वरच्या अंगाला होतं. पेट्रोल त्या उंचीपर्यंत पोचलं किंवा हिंदकळून वर चढलं, की बाहेर येत होतं. टाकी खालून गळत असती तर अर्ध्या टाकीवरही गळली असती.

पार्किंगमध्ये खाली डाग शोधण्यात मात्र अर्थ नाही. इंजिन ऑइल गळलं तर फरशीवर चांगला काळा ठिपका राहतो. पेट्रोल आमच्या मे महिन्यात ठिपका ठेवतच नाही, पडता पडताच उडून जातं. मागे राहते ती धूळ. सिमेंट रोडची पिठासारखी धूळ गाडीच्या पोटाला सगळीकडे सारखी बसलेली असते. जिथे पेट्रोल झिरपतं तिथे ती एक तर धुऊन गेलेली असते, नाही तर ओली होऊन काळपट, चिकट झालेली असते. नळी ओली आहे का ते पाहू नका, धुळीचा रंग कुठे बदललाय ते पाहा.

उन्हाचं आणखी एक. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं ३५ लिटर थंड पेट्रोल तुमच्या गाडीत येऊन पंधरा अंशांनी तापलं, तर जवळपास अर्धा लिटर जास्तीची जागा मागतं. नागपुरात पंधरा अंश म्हणजे काहीच नाही. २०२४ च्या मे महिन्यात इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्यानं यंत्र बिघडल्याचं सांगितलं, पण त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या कुणालाही यंत्रावर शंका आली नव्हती. दर उन्हाळ्यात 'टाकी फुल करू नका, स्फोट होईल' असा जो मेसेज फिरतो, तो मात्र खोटा आहे. इंडियन ऑइलनं त्याचं जाहीर खंडन केलेलं आहे. कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला हरकत नाही, फुगायला लागणारी जागा टाकीत वर ठेवलेलीच असते. भानगड त्या मर्यादेच्या पुढे सुरू होते, त्याकडे येतेच.

दरम्यान मी गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून काढून बाहेर मोकळ्या जागेत लावायला लागले. आमच्या पार्किंगच्या भिंतीवर पाण्याच्या मोटरचा स्टार्टर आहे, आणि सकाळी वॉचमन बटण दाबतो तेव्हा आत ठिणगी उडालेली दिसते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, उणे ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे नागपूरच काय, हिमालयातल्या थंडीतही त्याची वाफ पेटायला तयार. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे वर निघून न जाता जमिनीलगत पसरते, खोलगट जागेत साचते. हवेत तिचं प्रमाण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असलं की ठिणगी पुरे. वास आला म्हणजे प्रमाण तेवढं झालं असं नाही, आपलं नाक त्याच्या कितीतरी आधी ओळखतं. पण सीटखालच्या बंद कप्प्यात किती साचलंय हे नाकाला कळत नाही. देशभरातल्या पेट्रोलच्या साठ्यांवर आणि स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, १८९८ पासूनचं खातं. त्यांच्या वर्गवारीत २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेलं इंधन 'अ' वर्गात, सगळ्यात धोक्याचं. आणि त्याच शहरात मिस्त्री तोंडात बिडी धरून फ्युएल लाइन उघडताना मी स्वतः पाहिलाय. तिथून गाडी न थांबवता पुढे नेली.

शेवटी अजनीकडचा एक म्हातारा मिस्त्री मिळाला. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागच्या सीटखाली पंप आहे ना बाई? आधी कधी बदलला?" बदलला होता, काही वर्षांपूर्वी. "मग टाकी पावावर येऊ द्या, तेव्हा आणा. भरलेल्या टाकीला मी हात नाही लावत." त्याच क्षणी मला माणूस पटला.

गेल्यावर त्यानं काम सावलीत पण उघड्यावर मांडलं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू केलं आणि ते आपसूक बंद पडू दिलं, म्हणजे नळीतला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. उजेडासाठी सेलवरची एलईडी टॉर्च, तारेवरचा बल्ब नाही. मागची सीट पुढून उचलली की निघते, दोन क्लिपांवर असते. खाली गालिचा, गालिच्याखाली बशीएवढं पत्र्याचं झाकण, चार स्क्रू. काही गाड्यांत हे झाकणच नसतं आणि खरंच टाकी उतरवावी लागते. आमच्या गाडीत होतं, आणि पाच आकडी अंदाजपत्रक देणाऱ्यांनी ते उघडून पाहायची तसदी घेतली नव्हती.

झाकण उघडलं आणि बाप्पा, काय वास! मिस्त्री दोन पावलं मागे सरला, मला म्हणाला, "जरा उडू द्या." थोड्या वेळानं आम्ही दोघं वाकून बघत होतो. पंपाचं वरचं प्लास्टिकचं तोंड, त्यावर वायरचं सॉकेट, दोन नळ्या, आणि भोवती ते दाबून धरणारी मोठी कडी. सगळ्यावर पांढरट धुळीचा थर, फक्त डाव्या बाजूला तीन बोटं रुंद पट्ट्यात धूळ काळी आणि चिकट, आणि तिथून एक ओघळ टाकीच्या उतारावरून खाली गेलेला. कडीच्या कडेनं काहीतरी राखाडी बाहेर आलेलं दिसत होतं. मिस्त्रीनं नखानं खरवडलं तर ते च्युइंगगमसारखं लांबलं. सिलिकॉन. "हे कोणी लावलं? पेट्रोलात हे टिकतं का?"

कडी सैल करून पंप वर उचलल्यावर सगळी गोष्टच बाहेर आली. आधी पंप बदलणाऱ्यानं जुनीच रबरी रिंग परत वापरली होती. पेट्रोलमध्ये भिजलेली रिंग फुगते, वर्तुळात मोठी होते, आणि खाचेत परत बसत नाही. वाळू दिली तर आकसते, पण तेवढा धीर कुणाला? त्यानं ती तशीच दाबून बसवली, एका ठिकाणी ती खाचेबाहेर राहून कडीखाली चेंगरली, आणि तो भाग सिलिकॉननं लिंपून टाकला. मी रिंग हातात घेऊन पाहिली. तीन चतुर्थांश भाग गोल, गुळगुळीत. डाव्या बाजूला एक चपटा तुकडा, त्यात चंद्रकोरीसारखी चीर, बोटानं वाकवली की उघडायची. वाफ तिथूनच. आणि टाकी फुल असताना वळणावर पेट्रोलही तिथूनच.

नवी रिंग घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणली, तीनशेच्या आत मिळाली. दुकानदार आधी "चालून जाईल" म्हणत दुसऱ्याच मापाची देत होता. जुनी सोबत नेली होती म्हणून बरं, नाहीतर परत तेच पुराण. मिस्त्रीनं खाच कपड्यानं पुसून कोरडी केली, सिलिकॉनचा कणन् कण प्लास्टिकच्या पट्टीनं काढला (पेचकसानं काढलं की खाचेला ओरखडा पडतो), रिंग आधी टाकीच्या तोंडावर बसवली, मग पंप वरून सरळ सोडला. कडी आवळताना एका हातानं पंपाचं डोकं दाबून धरलं, नाहीतर कडीबरोबर रिंगही फिरते. सॉकेटजवळच्या प्लास्टिकला केसासारखा तडा आहे का तेही टॉर्चनं बघितलं, तिथूनही खूप गाड्या गळतात म्हणाला. नव्हता. बॅटरी जोडून चावी ऑन-ऑफ, ऑन-ऑफ. कोरडं. मजुरीचे पैसे त्यानं मागितले ते ऐकून मला त्या वर्कशॉपचा कागद फ्रेम करून लावावासा वाटला.

या कामात बाजूला उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी इथेनॉलवर खापर फोडलं. इथेनॉलचा आग्रह धरणारे नितीन गडकरी आमच्याच शहराचे खासदार, त्यामुळे नागपुरात या विषयावर पानठेल्यावर रोज अधिवेशन भरतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं गेलं, आणि माझी गाडी ज्या काळातली, त्या काळात गाड्या या मिश्रणासाठी बनतच नव्हत्या, हे खरं. जुन्या काही गाड्यांमध्ये वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. त्यामुळे या मिश्रणाला चालणाऱ्या गाड्या यायच्या आधीची, म्हणजे २०२३ च्या आधीची गाडी असेल तर होस आणि रिंगा एकदा बघून घ्याव्यात, हे मी कुणालाही सांगेन. पण माझ्या रिंगेवरची चीर चेंगरल्याची होती. बाकीची रिंग मऊ आणि शाबूत होती. इथेनॉलनं रबर खाल्लं असतं तर फक्त डावीकडचंच खाल्लं नसतं.

इथे गोष्ट संपली असती, पण पुढच्या फुल टाकीनंतर पुन्हा हलका वास आला. मागच्या सीटवर नाही, गाडीबाहेर, टाकीच्या बाजूनं. सीट उचलून पाहिली, धूळ कोरडी. मिस्त्रीला फोन केला तर त्यानं हसून विचारलं, "पेट्रोल कोण भरते?"

पेट्रोल हे भरतात. आणि ह्यांना राउंड फिगर लागतं. टाकी भरून नोझल आपोआप 'कट' झालं की पंपावरचा पोरगा विचारतो, "सर, पंचवीसशे करू?" आणि हे मान हलवतात. मग तो गळ्याशी आलेल्या टाकीत थोडं-थोडं करून आणखी लिटरभर ओततो. टाकीतली वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो, कॅनिस्टर म्हणतात. तो वाफ शोषून धरतो आणि गाडी चालू असताना एका व्हॉल्व्हमधून थोडी थोडी इंजिनाला जाळायला देतो. तो वाफेसाठी आहे. कट झाल्यावर ओतलेलं जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीतून द्रवरूपातच त्याच्यात शिरतं आणि कोळसा भिजतो. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, मग वास थेट बाहेर. पूर्ण नासला तर डबाच बदलावा लागतो, आणि तो महाग असतो. आमचा नासला नव्हता. पुढच्या काही वेळा कट झाल्यावर हात आखडला, गाडी वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत पळवून आणली, आणि कोळसा आपोआप कोरडा झाला.

मागच्या सीटच्या फोममध्ये आणि गालिच्यात मुरलेला वास मात्र हट्टी निघाला. कॉफीची पूड ठेवून पाहिली, खाण्याचा सोडा शिंपडून पाहिला. सोड्यानं थोडा फरक पडला, कॉफीनं फक्त कॉफीचा वास आला. शेवटी सीट आणि गालिचा दोन्ही गच्चीवर वाळवणाच्या जागी ठेवले, दुपारी उलटे केले. नागपूरचं ऊन इतर वेळी आपल्याला छळतं, तिथे त्यानं फुकटात काम केलं. कुरडयांची जागा अडवली म्हणून सासूबाई चिडल्या, पण सीट परत बसवल्यावर त्यांनीच आधी वाकून हुंगून पाहिली आणि पदर सावरून बसल्या.

पंपावरचा पोरगा अजूनही विचारतो, "म्याडम, राउंड करू?" मी नको म्हणते. २,३८७ रुपये ४० पैसे झाले तर फोनवरून तेवढेच जातात, सुट्ट्याची कटकट कधीच संपली. ह्यांना मात्र अजून ते २,४०० च आवडतात, म्हणून पेट्रोल भरायला आता मीच जाते.